आसूढाळ घोडीची मालकीण

घोडीवरून पडली का?... सुषमा गेल्याचं कळल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांनी हाच विचारला. फोनवर विचारला, दारात चपला काढता काढता विचारला, एका गृहस्थांनी तर बाहेर तिरडी बांधली जात असताना माझ्या कानाशी लागून विचारला. नाही, मी सांगत राहिले, घोडीवरून पडली नाही. भिलाईच्या स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेत ड्यूटीवर असताना छातीत कळ आली, सोबतच्यांनी लगेच हॉस्पिटलात नेलं आणि तिथे थोड्याच वेळात सगळं संपलं. आधीपासून दुखत होतं, ते ती अ‍ॅसिडिटी समजून थंड दूध पिऊन दाबत होती. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. दुःखाने नव्हे, निराशेने. पन्नाशीला टेकलेली बाई घोड्यावर बसते, तर तिने निदान घोड्यावरून पडून मरावं, एवढी साधी अपेक्षा होती लोकांची आणि तीही तिने पुरी केली नाही.

ही अडचण दुर्गच्या आमच्या मामींनी सोडवली. आमच्या घराण्यात अशुभ काय आणि कशामुळे, हे ठरवण्याचा ठेका त्यांच्याकडे आहे. दहाव्याला सगळे जमले असताना त्या म्हणाल्या, "पडली नाई तं काय झालं? घोडी आसूढाळ होती ना. मी तं तेव्हाच सांगतलं होतं." घोड्याच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा असला की त्याला आसूढाळ म्हणतात, आणि असा घोडा धन्याच्या घरात रडारड आणतो म्हणे. मामींनी एवढं म्हटलं आणि बैठकीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हृदयविकार म्हटलं की प्रत्येकाला आपली छाती चाचपावी लागते. भोवरा बरा, तो फक्त घोड्याला असतो. माझा भाऊ अनिल, म्हणजे सुषमाचा नवरा, मान खाली घालून म्हणाला, "काढूनच टाकतो आता तिले." सगळ्यांनी माना हलवल्या. घोडीला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, आणि जिला विचारायचं ती भिंतीवर हार घालून बसली होती.

मी त्या दिवशीही काही बोलले नाही आणि रडलेही नाही. नणंदेच्या डोळ्यात टिपूस नाही, हे बायकांनी एकमेकींना सांगितलेलं मी ऐकलं. ऐकू यावं अशाच बेताने सांगितलं होतं. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, माणसांबद्दल माझं मत तेव्हाच बनलं आणि निवृत्तीनंतर ते सुधारलेलं नाही. जनावरांबद्दलही मला कधी प्रेम नव्हतं. त्यामुळे हा लेख वाचताना कोणी मुक्या जनावराच्या मायेचे उमाळे शोधू नयेत.

सुषमा खुर्सीपारची, म्हणजे भिलाईतल्या कामगार वस्तीतली. तिचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून प्लांटमध्ये आले होते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दुर्गचे, म्हणजे ज्यांच्या घरात पूर्वजांच्या मोठेपणाशिवाय फारसं काही शिल्लक नाही असे. अनिलने हिला पसंत केलं तेव्हा मामी म्हणाल्या होत्या, "पोरगी नोकरीवाली आहे, ठीक आहे, पण खुर्सीपारची आहे ना बापा." मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, कारण ती मामींना आवडली नाही. लग्नात अनिल वरातीच्या घोडीवर बसला, म्हणजे त्याला बसवला. सबंध वाट त्याचा एक हात घोडीवाल्याच्या खांद्यावर आणि दुसरा घोडीच्या आयाळीत. बँडवाल्यांनी जोर केला की नवरदेव डोळे मिटून घ्यायचा. सुषमा हे मांडवाच्या दारातून बघत होती. पुढे कितीतरी वर्षांनी मला म्हणाली, "ताई, त्या दिवशी मले नवऱ्यापेक्षा घोडीचीच काळजी वाटून राहिली होती. आयाळ किती जोरानं ओढत होता हा." मग थोडं थांबून म्हणाली, "अन् असं वाटलं का आपण बसलो असतो तं याच्यापेक्षा बरे बसलो असतो." खुर्सीपारच्या गल्लीतून लहानपणी तिने शेकडो वराती पाहिल्या होत्या. घोडीवर पोरगी बसलेली एकही पाहिली नव्हती.

ती इच्छा तिने पुष्कळ वर्षं कोणाला दाखवली नाही. नोकरी, संसार, मुलीची शाळा, आमच्या आईचं शेवटचं दुखणं, सगळं रीतसर केलं. मग मुलगी शिकायला बंगळुरूला गेली, आई गेली, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या मामेभावाच्या मुलाचं लग्न निघालं. भिलाईतल्या सुपेल्याचा साहू बग्गीवाला नवीन घोडी घेऊन आला होता. पांढरीशुभ्र, कोवळी, नाचरी. नवरदेवाचा पाय रिकिबीत जाणार तेवढ्यात मामी ओरडल्या. त्यांना घोडीच्या डाव्या डोळ्याखालचा भोवरा दिसला होता. चष्म्याशिवाय त्यांना पेपरातला मथळा दिसत नाही, पण भोवरा दिसला. मग जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. नवरदेव कारमधून गेला, वरात निम्मी झाली आणि साहूने मांडवामागे नेऊन घोडीच्या तोंडावर दोन चापट्या मारल्या. तिचा गुन्हा एवढाच की तिचे केस उलटे उगवले होते. सुषमा पैठणी सावरत तिथे गेली. साहू म्हणाला, "ए घोडी कोनो काम के नइ हे मॅडम." सुषमा म्हणाली, "मेरे काम की है. बेचोगे?" अनिलला ती थट्टा वाटली आणि तो हसला. बायकोला न ओळखणाऱ्या नवऱ्याचं हसू कसं असतं, ते मी त्या दिवशी नीट पाहिलं.

साहू आपल्या प्रत्येक घोडीला रानी म्हणायचा. सुषमाने हिचं नाव मैना ठेवलं आणि सुपेल्यात वेल्डिंगच्या दुकानांमागे साहूचा तबेला होता तिथेच तिला ठेवलं. दुर्गच्या एका निवृत्त घोडेस्वार पोलिसाकडून ती बसायला शिकली. आता लोक मला विचारतात की एवढ्या धबडग्यात तिला वेळ कसा मिळायचा. मिळायचा नाही, ती काढायची. दुपारची शिफ्ट असली की सकाळी तबेल्यात. रात्रपाळी असली की गेटमधून सुटून थेट तबेल्यात, डोळे लाल, डब्याची पिशवी स्कूटरला तशीच लटकलेली. सकाळची शिफ्ट असली की ऊन उतरल्यावर. मे महिन्यात तर नुसतं लगाम धरून तिला फिरवायची, कारण त्या उन्हात घोडीवर बसणं म्हणजे पाप आहे म्हणायची. गुडघ्यापर्यंतचे बूट स्कूटरच्या डिकीत असायचे. संध्याकाळी नेहरू नगरला माझ्याकडे चहाला आली की आधी अंगाचा वास आत यायचा, मग ती. एकदा हळदीकुंकवाला तशीच आली तेव्हा शेजारच्या बाईने पदर ओढून घेतला. "वास येऊन राहिला काय?" सुषमाने विचारलं. बाई कसनुशी हसली. "येऊ द्या. तुमच्या सेंटानं मले शिंका येऊन राहिल्या, मी काई म्हटलं काय?"

आणि तो सगळ्यांचा लाडका प्रश्न, घरचं कोण करतं? हा प्रश्न रोज संध्याकाळी क्लबात पत्ते कुटणाऱ्या एकाही पुरुषाला मी कोणी विचारलेला ऐकला नाही. सुषमा थंडपणे सांगायची, "घरचे करतात." घरचे म्हणजे अनिल. त्याला कुकर लावता येऊ लागला, हे त्याच्या आयुष्यातलं मोठं कर्तृत्व आहे आणि ते मैनामुळे झालं.

ती गेली म्हणून तिची आरती ओवाळावी असं नाही. घोड्याची लीद कशी असली की पोट साफ समजायचं, हे ती जेवताना सांगायची. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी घोडीचं पोट दुखत होतं म्हणून ती आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी येऊन तासभर घोडीच्या पोटाबद्दलच बोलली. घोडीवर पाठ ताठ करून बसायची, त्या पोलिसाने कितीदा सांगूनही ती पाठ सैल झाली नाही. हट्टी होती. तिचा एक चाळा मात्र माझ्या ध्यानात राहिला. मी तबेल्याच्या आत कधी जात नसे, फाटकापाशी रिक्षा थांबवून तिची वाट बघायची. तिथून दिसायचं आणि ऐकूही यायचं. बसण्याआधी ती घोडीच्या तोंडासमोर उभी राहायची, डाव्या डोळ्याखालच्या त्या भोवऱ्यावर अंगठा ठेवून हळूहळू गोल फिरवायची आणि म्हणायची, "काय रडून राहिली? चाल." हे झाल्याशिवाय दोघींपैकी एकही हलायची नाही. मला तो निव्वळ पोरकटपणा वाटायचा आणि मी रिक्षातून हाक मारायची, "सुषमा, आटप."

मग तिने रायपूरच्या प्रदर्शनाचं मनावर घेतलं. हिवाळ्यात एका मोकळ्या मैदानावर देशी घोड्यांचं प्रदर्शन भरायचं. मालकाने आपला घोडा हाताने धरून रिंगणात चालवून दाखवायचा, पंचांनी बांधा, मान, पाय, चाल बघून क्रम लावायचा. पहिल्या वर्षी मीही गेले. तसली गर्दी मी परत पाहू इच्छित नाही. काळे चष्मे लावलेले फार्महाउसवाले खुर्च्यांवर, त्यांचे घोडे नोकरांच्या हातात. घोड्यांच्या घराण्यांची नावं अशी सांगत होते की मला आमच्या मामींची आठवण झाली. माइकवरचा माणूस अधूनमधून शेर म्हणत होता, ते घोड्यांनी निमूटपणे सहन केले. सुषमा रात्रपाळी करून भिलाईहून बसने आली आणि कारमध्ये कपडे बदलून तयार झाली. साहूने मैनाला टेम्पोतून आणि अनिलने मला कारमधून आधीच आणलं होतं.

आणि इथे त्या दोघांनी अक्कल पाजळली. भोवरा दिसू नये म्हणून साहूच्या वरातीच्या साजातला जरीचा गोंडा त्यांनी मैनाच्या कपाळपट्टीला बांधून डाव्या डोळ्याखाली सोडला होता. जोडीतला दुसरा गोंडा कुठल्याशा वरातीत पडला होता, त्यामुळे उजवी बाजू मोकळी. "हे काय?" सुषमाने विचारलं. "शोभेले आहे, राहू दे," अनिल म्हणाला. तेवढ्यात माइकवर तिचा नंबर पुकारला. रिंगणात दुसऱ्या एकाही घोड्याला गोंडा नव्हता. साहजिकच पंच आले ते सरळ गोंड्याकडेच, आणि त्यांनी पहिलं काम काय केलं तर तो उचलला. जे कदाचित त्यांना दिसलंही नसतं ते या दोन शहाण्यांनी जरीच्या झालरीने दाखवून दिलं. पंच दयाळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ये तो आसूढाळ है. आपको किसी ने बताया नहीं?" सुषमा म्हणाली, "बताया है सर. सब बताते हैं. इसीलिए तो मेरे पास है." मग तिने गाठ सोडून गोंडा काढला आणि पंचांच्या हातात दिला. त्या भल्या माणसाला तो कुठे ठेवावा कळेना. पुढचे सगळे घोडे त्यांनी हातात जरीचा गोंडा धरूनच तपासले.

मैना रांगेत शेवटची आली. परतताना कारमध्ये अनिल कुरकुरत होता. "गोंडा नसता उचलला तं काई झालं नसतं. तुले बोलाची काय गरज होती?" सुषमा डोळे मिटून बसली होती, मला वाटलं झोपली. ती तशीच म्हणाली, "अनिल, मी प्लांटात काय करते? लोखंडाचं सॅम्पल येते. त्याच्यात गंधक जास्त निघाला तं मी जास्त लिहिते. कोणाले वाईट वाटते म्हणून कमी लिहीत नाई. मंग माझ्या घोडीच्या तोंडावर कायले झाकू?" वाटेत कुम्हारीला उतरून तिने समोसे खाल्ले आणि पुढच्या वर्षीचा अर्ज कधी निघतो ते मागून टेम्पोतून आलेल्या साहूला विचारून घेतलं.

ती दरवर्षी गेली आणि दरवर्षी शेवटी उभी राहिली. शेवटच्या जागेवर ती अशी उभी राहायची, जणू बाकीची रांग तिच्या पाठीमागे लागली आहे. गेल्या हिवाळ्यात मात्र तिने घोडीवर बसून दाखवायच्या गटात नाव दिलं. "तिथं घोडी चालते कशी ते पाहतात ताई, केस कसे उगवले ते नाई पाहत." त्या गटात तिचा चौथा नंबर आला. मला फोन करून सांगताना तिचा आवाज फाटत होता. घरात कोणी विचारलंही नाही. मामी म्हणाल्या, "चौथा म्हणजे पहिल्या तिनात नाई ना?" पंच्याहत्तर वर्षांत मामींनी गणितातलं हे एक वाक्य बरोबर म्हटलं. सुषमा या हिवाळ्याची तयारी करत होती... आणि मधेच हे झालं.

तिला जाऊन आता पाच-सहा आठवडे होतील. मध्यंतरी एका रविवारी अनिल फोनवर म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक आलं आहे. राजनांदगावकडचा आहे, वरातीसाठी पाह्यजे त्याले." मी विचारलं, "भोवऱ्याचं सांगतलं काय?" तो म्हणाला, "साहू पाहून घेते ते." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. मी भाजी तशीच टाकून रिक्षा केली आणि सुपेल्याला गेले. या खेपेला फाटकापाशी थांबले नाही.

मैना धुऊन पुसून उभी केली होती आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली जरीचा गोंडा लोंबत होता. तोच. पंचांच्या टेबलावरून साहूने तो त्याच दिवशी उचलून आणला होता, हे मला तेव्हा कळलं. घट्ट पँटमधला एक तरुण मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढत होता. पावसाळाभर वराती बंद, मग घोडीने खायचं काय, याचा विचार असल्या माणसांकडे नसतो. भोवरा त्याला उद्या ना परवा एखादी मामी दाखवणारच होती, आणि मग चापट्या मैनालाच बसणार होत्या. मी साहूला म्हटलं, "गोंडा निकालो." तो म्हणाला, "दीदी, ग्राहक के आगू झन बोलव," म्हणजे गिऱ्हाईकासमोर बोलू नका. अनिल पुढे आला, "ताई, तू याच्यात पडू नको." ज्या माणसाने पंचवीस वर्षं तिच्याबरोबर संसार केला, तो तिची घोडी तोंड झाकून विकायला निघाला होता. माझा भाऊ आहे, पण त्या क्षणी मला त्याची किळस आली, आणि हे तो वाचणार आहे हे माहीत असून लिहिते.

मी घोडीला त्याआधी कधी हात लावला नव्हता. जवळून ती फारच मोठी दिसते. गाठ सुटेना, म्हणून मी गोंडा ओढून तोडला आणि त्या तरुणाच्या हातात दिला. म्हटलं, "ये आसूढाळ है. आपको किसी ने बताया नहीं?" त्याने वाकून भोवरा पाहिला, साहूकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरला. घरी आई आहे, तिला विचारतो म्हणाला आणि गोंडा दारातल्या पेंढ्यावर टाकून गेला. अनिल ओरडला, "आता कोण घेईन तिले? कोण पोसन?" मी म्हटलं, "मी." ते तोंडातून निघून गेल्यावर मलाच कळलं. "तुले घोड्याचं काय समजते?" "काई नाई. तुले तं लग्नात बसता बी नाई आलं." तो पाय आपटत बाहेर गेला आणि साहू त्याच्या मागे गेला. कोणाची बाजू घ्यावी हे साहूचं अजून ठरायचं होतं.

तबेल्यात मी आणि ती घोडी अशा दोघीच उरलो. काय करतात घोड्याशी, मला ठाऊक नव्हतं. मी निघायला वळले तेवढ्यात तिने मान खाली केली, पार माझ्या छातीपर्यंत आणली आणि तोंड किंचित वळवून डावी बाजू पुढे केली... आणि तशीच थांबली. मला समजायला वेळ लागला. गोंडा निघाला होता, समोर एक बाई उभी होती, म्हणजे आता अंगठा यायला हवा. इतके दिवस तो आला नव्हता.

मी अंगठा ठेवला. केस तिथे खरोखरच उलटे फिरलेले आहेत, पाण्यातल्या भोवऱ्यासारखे, आणि खाली हाड गरम लागतं. आणि मग, मामींना हे वाचून आनंदच होईल, भोवऱ्याचं शास्त्र खरं निघालं. जी बाई स्मशानात रडली नाही, दहाव्याला रडली नाही, तिला त्या घोडीने भर दुपारी, वेल्डिंगच्या आवाजात, हमसून हमसून रडवलं. सुषमा गेली होती आणि ते मला त्या दिवशी कळलं.

घोडी मात्र मान खाली घालून तशीच उभी. नुसत्या अंगठ्याने तिचं भागलं नव्हतं, पुढचं राहिलं होतं. मी पदराने तोंड पुसलं, अंगठा पुन्हा ठेवला, सुषमा फिरवायची तसा हळूहळू गोल फिरवला, आणि सुषमा नसताना ते म्हणायला आता तिथे दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच म्हटलं.

"काय रडून राहिली? चाल."